ऑगस्टाचे बंद फाटक आणि गोल्फचे भले

मास्टर्स गोल्फ स्पर्धेविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या पत्रातला प्रश्न सर्वांत मूलभूत असल्यामुळे त्याचे उत्तर लांबले आहे.

प्रश्न : अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल या क्लबचे सदस्य जेमतेम तीनशे असतात, सदस्यत्वासाठी अर्जसुद्धा करता येत नाही आणि कित्येक दशके तेथे कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना सदस्य करून घेतले जात नव्हते. तरीही दर एप्रिलमध्ये तेथे होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेला सारे जग डोक्यावर घेते. माझे वडील ही स्पर्धा एकदाही चुकवत नाहीत. मला मात्र ती पाहताना अवघडल्यासारखे होते. अशा क्लबमुळे आणि त्याच्या स्पर्धेमुळे गोल्फचे खरोखर काही भले होते का, की आपण नुसते अझेलियाच्या फुलांवर भुलतो?

उत्तर : आपले अवघडलेपण रास्त आहे आणि वडिलांची आवडही अस्थानी नाही. ऑगस्टाविषयी बोलताना क्लब, त्याचे मैदान आणि त्यावरची स्पर्धा यांची सतत गल्लत होते, आणि एकाचे श्रेय किंवा पाप दुसऱ्याच्या खात्यावर मांडले जाते. म्हणून आधी हे तिन्ही धागे वेगळे करू.

पुरुषांच्या चार प्रमुख स्पर्धांपैकी यूएस ओपन ही अमेरिकेची राष्ट्रीय गोल्फ संघटना, ब्रिटनमधील ओपन ही आर अँड ए ही नियामक संस्था आणि पीजीए अजिंक्यपद स्पर्धा ही अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंची संघटना भरवते. मास्टर्स तेवढी एका खासगी क्लबच्या मालकीची आहे. १९३० साली एकाच वर्षात अमेरिका व ब्रिटनच्या ओपन आणि हौशी अशा चारही स्पर्धा जिंकून अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झालेले बॉबी जोन्स आणि गुंतवणूक व्यवसायातले क्लिफर्ड रॉबर्ट्स या दोघांनी एका जुन्या रोपवाटिकेची जमीन घेऊन हा क्लब उभा केला. मैदानाची आखणी जोन्स यांच्याबरोबर मैदानरचनाकार ॲलिस्टर मॅकेन्झी यांनी केली. १९३४ च्या मार्चमध्ये पहिली स्पर्धा झाली; ती पाहायला मॅकेन्झी हयात नव्हते. स्पर्धेला 'मास्टर्स' हे नाव अधिकृतपणे १९३९ मध्ये मिळाले.

स्पर्धेने गोल्फला काय दिले याची यादी लहान नाही. प्रत्येक दिवशी अठरा होल (म्हणजे चेंडू खळग्यात घालण्याचे अठरा टप्पे) याप्रमाणे चार दिवसांची आखणी मास्टर्सने सुरुवातीपासून ठेवली. यूएस ओपनमध्ये १९६४ पर्यंत शेवटच्या दिवशी छत्तीस होल खेळावे लागत. कोण पुढे आणि कोण मागे हे 'पारपेक्षा (म्हणजे नेमून दिलेल्या फटक्यांपेक्षा) इतके कमी, इतके जास्त' अशा पद्धतीने फलकावर दाखवण्याची प्रथा या स्पर्धेने १९६० मध्ये रूढ केली. वेगवेगळ्या होलवर असलेल्या खेळाडूंची तुलना त्यामुळे एका नजरेत होऊ लागली, आणि आज गोल्फचा धावता गुणफलक दुसऱ्या कोणत्या पद्धतीने मांडता येईल याची कल्पनाही आपल्याला करवत नाही. १९५६ पासून ही स्पर्धा सीबीएस या वाहिनीवर दिसू लागली. त्यानंतरच्या आठ वर्षांत आर्नोल्ड पामर यांनी ती चार वेळा जिंकली, आणि गोल्फ हा श्रीमंतांच्या क्लबबाहेरच्या माणसानेही घरी बसून पाहावा असा खेळ झाला. त्याचे श्रेय पामर यांना जितके आहे, तितकेच दरवर्षी त्याच मैदानावर, त्याच ठेवणीत होणाऱ्या या स्पर्धेलाही आहे. बाराव्या होलपुढचा ओढा, तेराव्याचे वळण, पंधराव्यासमोरचे तळे हे सारे प्रेक्षकाला तोंडपाठ होते, म्हणून तेथील प्रत्येक फटक्याचा धोका त्याला समजतो. दरवर्षी मैदान बदलणाऱ्या स्पर्धेला हे साधत नाही.

या सगळ्यामागे एक व्यावहारिक कारण आहे. ऑगस्टा नॅशनलला दूरचित्रवाणीकडून होता होईल तितके पैसे काढण्याची गरज कधी वाटली नाही. वाहिनीशी करार एका वेळी एका वर्षाचाच करायचा, जाहिराती तासाला सुमारे चार मिनिटांवर जाऊ द्यायच्या नाहीत आणि मैदानावर प्रायोजकांचे फलक लावू द्यायचे नाहीत, हे क्लब ठरवू शकला, कारण नाही म्हणणे त्याला परवडत होते. प्रेक्षकाला आवारात मोबाइल नेता येत नाही आणि पिमेंटो चीजचे सँडविच आजही दीड डॉलरला मिळते. (त्या सँडविचचे कौतुक मला जरा अतीच वाटते. तिकीट मिळायला सोडत लागते आणि ते पुनर्विक्री करणाऱ्याकडून घ्यायचे तर हजारो डॉलर मोजावे लागतात. तेव्हा आतल्या स्वस्ताईचा लाभ कोणाला होतो, हे उघड आहे.)

कोणालाही उत्तर द्यावे न लागण्याचे हेच स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूने कसे दिसते, ते कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्ड यांच्या वाट्याला आले. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या घटनेतले 'फक्त गोरे' हे कलम १९६१ च्या अखेरीस रद्द झाले. सिफर्ड यांनी १९६७ मध्ये हार्टफर्डची आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसची स्पर्धा जिंकली, पण त्यांना मास्टर्सचे निमंत्रण कधीच आले नाही. एखादी स्पर्धा जिंकली की आपोआप निमंत्रण मिळावे असा नियम त्या काळी नव्हता, ही गोष्ट खरी आहे. परंतु नियम करणे ज्यांच्या हातात होते, त्यांना तो आधी करण्यापासून कोणी अडवले नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो झाला, १९७४ मध्ये ली एल्डर यांनी पेन्साकोला येथील स्पर्धा जिंकली आणि १९७५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते मास्टर्समध्ये खेळणारे पहिले कृष्णवर्णीय गोल्फपटू ठरले. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षे त्या मैदानावर कृष्णवर्णीय माणूस दिसे तो मुख्यतः कॅडीच्या, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहून त्याला सल्ला देणाऱ्या साथीदाराच्या, पांढऱ्या पोशाखात, कारण १९८२ पर्यंत प्रत्येक खेळाडूने क्लबचाच कॅडी घ्यावा असा दंडक होता. १९८३ पासून खेळाडूंना स्वतःचा कॅडी आणण्याची मुभा मिळाली. खेळाच्या दृष्टीने तो सुधारलेला नियम होता, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारांचे गणित जाणणाऱ्या स्थानिक कॅडींचा वर्षातला सर्वांत मोठा आठवडा त्यामुळे बुडाला.

पहिला कृष्णवर्णीय सदस्य क्लबने १९९० मध्ये घेतला. त्या उन्हाळ्यात अलाबामातील शोल क्रीक या क्लबच्या संस्थापकाने, आमच्यावर कृष्णवर्णीय सदस्य घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही, अशा आशयाचे वक्तव्य केले होते, आणि पीजीए अजिंक्यपद स्पर्धा तेथेच व्हायची असल्यामुळे जाहिरातदारांनी अंग काढून घेतले होते. गोल्फच्या प्रमुख संघटनांनी त्यानंतर यजमान क्लबच्या सदस्यत्वात भेदभाव चालणार नाही असे धोरण आखले, आणि ऑगस्टाला ते बंधनकारक नसूनही त्याने काही आठवड्यांतच पाऊल उचलले.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र बावीस वर्षे आणखी गेली. २००२ मध्ये स्त्री संघटनांच्या राष्ट्रीय परिषदेच्या प्रमुख मार्था बर्क यांनी क्लबचे अध्यक्ष हूटी जॉन्सन यांना, स्त्रियांना सदस्यत्व द्यावे असे पत्र लिहिले. बंदुकीच्या संगिनीपुढे आम्ही हा निर्णय घेणार नाही, असे जॉन्सन यांनी जाहीर केले, आणि प्रायोजकांवर दबाव येऊ नये म्हणून २००३ व २००४ ची स्पर्धा एकाही जाहिरातीविना दाखवली. मला हा प्रसंग सगळ्यांत बोलका वाटतो. त्या दोन वर्षी घरी बसलेल्या रसिकाला जाहिरातींचा व्यत्यय नसलेला, जवळजवळ निर्मळ गोल्फ पाहायला मिळाला, आणि तो मिळण्याचे कारण असे की एका क्लबला स्त्रियांना सदस्यत्व नाकारायचे होते. कॉन्डोलिझा राइस आणि डार्ला मूर या पहिल्या दोन स्त्री सदस्य २०१२ मध्ये आल्या.

म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : स्पर्धेमुळे गोल्फचे भले झाले आहे, आणि तिच्या चांगुलपणाचा मोठा भाग क्लबच्या आर्थिक स्वातंत्र्यातून आला आहे, पण सदस्यत्वाच्या बाबतीतल्या बंदिस्तपणाने गोल्फला काहीही दिलेले नाही. उलट, क्लबने ज्या ज्या वेळी फाटक उघडले, त्या त्या वेळी ते उघडायला त्याला स्पर्धेनेच भाग पाडले. जगाने पाहावे अशी स्पर्धा भरवायची असेल, तर जग घराकडेही पाहणार. ज्यांच्या अंगणात अशी स्पर्धा होत नाही, असे क्लब अजूनही कोणाच्या नजरेत न येता हवे ते करत असतात. १९९० च्या धोरणानंतर कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंट या क्लबने व्यावसायिक दौऱ्यावरच्या स्पर्धेतील आपला वाटा सोडणे पसंत केले. स्कॉटलंडमधील म्युअरफील्ड क्लबच्या सदस्यांनी २०१६ मध्ये स्त्रियांना प्रवेश देण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा आर अँड एने त्या मैदानाला ओपनच्या यादीतून काढले. वर्ष उलटायच्या आत फेरमतदान झाले, ठराव मंजूर झाला आणि २०२२ मध्ये स्त्रियांची ओपन त्याच मैदानावर झाली. ऑगस्टाच्या बाबतीत अशी वरची संस्था नव्हती, म्हणून तेथे दशके लागली.

वडिलांबरोबर स्पर्धा पाहायला बसाल तेव्हा २०२१ च्या मास्टर्सचे चित्रण शोधून पाहा. गुरुवारी सकाळी मानाचा प्रारंभक म्हणून ली एल्डर यांना बोलावले होते. ते इतके थकले होते की फटका मारणे त्यांना शक्य झाले नाही. गोल्फची काठी हातात धरून ते क्षणभर उभे राहिले आणि जमलेले लोकही उभे राहिले. रविवारी जपानचा हिदेकी मात्सुयामा जिंकला, आणि त्याच्या कॅडीने अठराव्या होलवर निशाण परत रोवून, टोपी काढून मैदानाला वाकून नमस्कार केला. एल्डर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले.

प्रश्न : मी एका लहान गोल्फ क्लबच्या मैदान समितीवर आहे. दर वर्षी मास्टर्स संपली की सदस्यांचा एकच धोशा सुरू होतो : आपले गवत तसे हिरवेगार का नाही? ऑगस्टासारखे मैदान करणे खरोखर शक्य आहे का?

उत्तर : पैसा अमाप असेल आणि वर्षातले पाच महिने मैदान बंद ठेवता येत असेल, तर काही अंशी शक्य आहे. ऑगस्टा नॅशनल मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत बंद असते, ही गोष्ट आपल्या सदस्यांना आवर्जून सांगा. शरद ऋतूत मूळच्या बर्म्युडा गवतावर राय गवताचे बी पेरले जाते आणि आपल्याला एप्रिलमध्ये दिसतो तो गालिचा या रायचा असतो. ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, पोटात नळ्यांचे जाळे आहे. त्यातून यंत्राने हवा खेळवून मातीतला ओलावा शोषून घेता येतो, म्हणून रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी ग्रीन कडक आणि वेगवान ठेवता येतात. ही सारी सिद्धता मुख्यतः एका आठवड्यासाठी असते. बारा महिने सदस्यांच्या पायाखाली असलेल्या मैदानाने तिच्याशी बरोबरी करायला जाणे म्हणजे लग्नाच्या मांडवाकडे पाहून घराच्या भिंती रंगवण्यासारखे आहे.

मैदानांची देखभाल करणाऱ्यांमध्ये या हव्यासाला 'ऑगस्टा सिंड्रोम' असे नाव पडले आहे आणि ऑगस्टाच्या स्पर्धेने गोल्फचे जे नुकसान केले, त्यात मी याला वरचे स्थान देईन. दूरचित्रवाणीवर हिरवा रंग पाहून पाहून, चांगले मैदान म्हणजे हिरवे मैदान, असे समीकरण गोल्फपटूंच्या मनात पक्के झाले. त्यासाठी पाणी, खत आणि बुरशीनाशके वाढली, खर्च वाढला आणि तो शेवटी खेळणाऱ्याच्याच शुल्कातून वसूल होऊ लागला. खेळ ज्या स्कॉटिश किनाऱ्यावर वाढला तेथे उन्हाळ्यात गवत पिवळे-करडे पडते, जमीन टणक होते, चेंडू दूरवर घरंगळतो आणि तो कोठे थांबेल याचा अंदाज बांधणे हेच कौशल्य ठरते. पाणी पाजून मऊ केलेल्या फेअरवेवर (ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) हा सगळा भाग खेळातून वजा होतो.

यातली गंमत अशी की जोन्स आणि मॅकेन्झी यांच्या मनात सेंट अँड्रूजचे जुने मैदान होते. रुंद फेअरवे, मोजके बंकर (वाळूचे खड्डे), वाढलेले गवत जवळजवळ नाही, साधारण खेळाडूला चेंडू न हरवता फेरी पूर्ण करता यावी आणि निष्णाताला मात्र ग्रीनच्या नेमक्या बाजूने येण्यासाठी डोके चालवावे लागावे, असा तो आराखडा होता. ऑगस्टाची नक्कल करायचीच असेल, तर या कल्पनेची करा. तिला फारसा खर्च येत नाही. दुसरे उदाहरण समितीपुढे ठेवण्याजोगे आहे ते नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट क्रमांक दोन या मैदानाचे. २०१० नंतर तेथील बरेचसे हिरवे गवत काढून टाकले, वाळू आणि रानगवत परत येऊ दिले, पाणी कमी केले, आणि २०१४ मध्ये त्याच करड्या मैदानावर लागोपाठच्या आठवड्यांत पुरुषांची व स्त्रियांची यूएस ओपन झाली. हे काम करणाऱ्या दोघांपैकी एक होते बेन क्रेनशॉ, ज्यांनी मास्टर्सच्या विजेत्याला मिळणारे हिरवे जॅकेट दोनदा अंगावर चढवले आहे. सदस्यांशी वाद घालताना हे नाव हाताशी असू द्या.

प्रश्न : क्लबने अलीकडे लहान मुलांसाठी, हौशी खेळाडूंसाठी आणि स्त्रियांसाठी स्पर्धा सुरू केल्या आहेत. हे खरे काम आहे की जुने डाग पुसण्याची खटपट?

उत्तर : दोन्ही असायला हरकत नाही, हेतू काहीही असला तरी परिणाम मोजता येतो. २००९ मध्ये आर अँड ए आणि आशिया-पॅसिफिक गोल्फ महासंघ यांच्याबरोबर आशियाई हौशी स्पर्धा सुरू झाली आणि विजेत्याला मास्टर्सचे निमंत्रण देण्यात येऊ लागले. वर ज्याचा उल्लेख केला तो मात्सुयामा २०१० आणि २०११ मध्ये हीच स्पर्धा जिंकून ऑगस्टाला पोहोचला होता, आणि दहा वर्षांनी तो पुरुषांची प्रमुख स्पर्धा जिंकणारा पहिला जपानी खेळाडू झाला. मुलामुलींसाठी 'ड्राइव्ह, चिप अँड पट' या स्पर्धेची पहिली अंतिम फेरी २०१४ मध्ये ऑगस्टाच्या मैदानावर झाली. त्या फेरीत खेळलेला भारतीय वंशाचा अमेरिकन मुलगा अक्षय भाटिया २०२४ मध्ये मास्टर्समध्ये खेळला. याला डाग पुसणे म्हणून झटकून टाकता येणार नाही.

स्त्रियांच्या हौशी स्पर्धेविषयी माझे मत थोडे राखून आहे. २०१९ पासून होणाऱ्या या स्पर्धेच्या पहिल्या दोन फेऱ्या दुसऱ्या क्लबवर होतात आणि फक्त शेवटची फेरी ऑगस्टा नॅशनलवर. पहिल्याच वर्षी जेनिफर कुप्चो आणि मारिया फासी यांच्यात जी चुरस झाली, ती पाहणाऱ्या मुलींना त्या मैदानावर आपणही असू शकतो हे दिसले, हा लाभ मोठा आहे. परंतु तारखा ठरवताना क्लबने स्त्री व्यावसायिकांच्या एका प्रमुख स्पर्धेचाच आठवडा निवडला, आणि काही वर्षे उत्तम हौशी खेळाडूंना दोहोंपैकी एकीची निवड करावी लागली. ती प्रमुख स्पर्धा पुढे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातले आपले जुने मैदान आणि जुनी तारीख दोन्ही सोडून टेक्सासला गेली. त्यामागे प्रायोजक आणि प्रक्षेपण अशी इतरही कारणे होती, पण बलवानाने हात पसरला की शेजाऱ्याला सरकावे लागते, हे त्यातून दिसलेच. स्त्री व्यावसायिकांसाठी ऑगस्टावर आजही कोणतीही स्पर्धा होत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच शहरात नगरपालिकेचे एक मैदान १९२८ पासून आहे; स्थानिक लोक त्याला 'द पॅच' म्हणतात. ऑगस्टा नॅशनलने तेथील तंत्र महाविद्यालय आणि मुलांना गोल्फ शिकवणारी एक संस्था यांच्याबरोबर या मैदानाच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतल्याचे २०२३ मध्ये जाहीर केले. हे मला क्लबच्या सगळ्या उपक्रमांमध्ये सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण परवडणाऱ्या शुल्कात खेळता येईल असे सार्वजनिक मैदान हीच बहुतेकांसाठी खेळाची पहिली पायरी असते. फक्त, हे सुचायला क्लबला नव्वद वर्षे का लागली, हा प्रश्न उरतो. क्लब आपले हिशेब प्रसिद्ध करत नाही. त्यामुळे मास्टर्समधून येणाऱ्या पैशांपैकी किती वाटा खेळाकडे वळतो, हे बाहेरच्या माणसाला तपासता येत नाही. जो दान करतो त्याने हिशेब द्यायलाच हवा असे नाही. पण मग त्याने खेळाचे विश्वस्त म्हणूनही मिरवू नये.

प्रश्न : क्लब सर्वांना खुला केला, तर मास्टर्सची शान जाईल असे अनेकांना वाटते. आपले मत?

उत्तर : सदस्यांची संख्या क्लबने किती ठेवावी, हा त्याचा प्रश्न आहे, तीनशेच्या ऐवजी तीन हजार सदस्य केल्याने गोल्फला काही मिळेल असे मला वाटत नाही. परंतु दार उघडले की दर्जा घसरतो, ही भीती आजवर दोनदा तपासली गेली आहे. १९९० मध्ये कृष्णवर्णीय सदस्य आला, २०१२ मध्ये स्त्रिया आल्या. ग्रीनचा वेग, जाहिरातींची मर्यादा, निमंत्रणाचे निकष यांतले काहीही त्यामुळे ढासळले नाही. सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानावर कोणालाही सोडतीत नाव घालून खेळता येते, रविवारी तर ते खेळासाठी बंद असते आणि गावकरी त्यावर कुत्री फिरवतात. तरीही २०२२ ची, म्हणजे दीडशेवी ओपन तेथेच झाली. न्यूयॉर्कजवळचे बेथपेज ब्लॅक हे सरकारी उद्यानातले मैदान. तेथे सुरुवातीची वेळ मिळावी म्हणून लोक रात्रभर गाडीत झोपतात, आणि २००२ ची यूएस ओपन टायगर वुड्स यांनी त्याच मैदानावर जिंकली.